अडीच किलोमीटरच्या ट्रेलवर दोनदा आपटलो, आता फुल सस्पेन्शन घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडला राहता, वेताळ टेकडीवर अडीच किलोमीटरची एक ट्रेल मारता, उतरायला बारा मिनिटं लागतात, पण तीन जागी दरवेळी पाय टेकतो आणि त्यातल्या एका जागी महिन्याभरात दोनदा आपटलात. सायकल 29 इंची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, तिथे 100 मिमी दबणारा स्प्रिंगचा (कॉइल) फोर्क, केबलचे डिस्क ब्रेक. दुकानदार म्हणाला ही सायकल या कामाची नाही, फुल सस्पेन्शन घ्या, म्हणजे पुढेही आणि मागेही सस्पेन्शन असलेली. आणि तुम्हाला वाटतंय की एवढीशी ट्रेल जमत नाही तर लांब कुठेतरी सोप्या मोठ्या ट्रेलला जावं का.

सायकल बदलू नका आणि ट्रेल तर अजिबातच बदलू नका. आता का ते सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

मी या टेकड्यांवर चौदा वर्षं चालवतोय, सुरुवात केली तेव्हा सस्पेन्शन म्हणजे माझे गुडघे आणि ब्रेक म्हणजे चपलेचा तळवा अशी परिस्थिती होती (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच). सोसायटीतल्या पोरांना रविवारी शिकवतो. एक गोष्ट दरवर्षी दिसते, लोक लांब ट्रेलला जाऊन पन्नास किलोमीटर मारून येतात, फोटो छान येतात, आणि त्या पन्नासात अवघड म्हणावेत असे दोनशे मीटर असतात, ते पण एकदाच येतात, तिथे उतरून सायकल हातात धरून चालतात आणि पुढे जातात. शिकले काय? काही नाही. तुमच्याकडे घरापासून वीस मिनिटांवर एक अशी जागा आहे जिथे तोच दगड, तीच घळ, तेच वळण तुम्हाला एका सकाळी सहा वेळा मिळू शकतं. ते सोडून कुठे जाताय.

आणि छोटी ट्रेल म्हणजे कमी दर्जाची असं काही नसतं. माउंटन बाइकिंगचा हा अख्खा खेळ ज्या उतारावर वाढला तो कॅलिफोर्नियातला, फेअरफॅक्स गावाजवळचा रीपॅक, जेमतेम साडेतीन किलोमीटरचा होता. 1976 पासून तिथे जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं घड्याळ लावून उतरायची, साधारण 400 मीटरचा उतार, आणि ब्रेक कसला तर पेडल उलटं मारलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, लागतो तो. खाली येईपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं, मग परत उतरायच्या आधी हब उघडून नवीन ग्रीस भरायला लागायचं, म्हणून नाव रीपॅक. त्यातल्याच गॅरी फिशरचा तिथला वेळ 4 मिनिटं 22 सेकंद. त्याच कंपूतल्या ‘जो ब्रीझ’ नावाच्या पोराने 1977 मध्ये खास याच कामासाठी फ्रेम बनवली. म्हणजे एकाच उतारावर पुन्हा पुन्हा जाऊन त्यांना कळलं की काय तुटतं आणि काय टिकतं. तुमची अडीच किलोमीटर त्या मानाने काही लहान नाही.

आता सायकलकडे येऊ, कारण दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के चूक नाही, तुमच्या सायकलमध्ये प्रॉब्लेम असणार, फक्त तो लाखभराचा नाही.

सगळ्यात आधी हवा. तुम्ही लिहिलंय हवा "टाईट" आहे. म्हणजे दुकानात कोणीतरी पन्नास-साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून दिलीये, कारण रस्त्यावर अंगठा दाबून टणक लागलं की गिऱ्हाईक खूश. टेकडीवर पन्नासचा टायर म्हणजे दगडावर टाकलेला चेंडू. आमच्या टेकडीचा पृष्ठभाग कसा आहे बघा, खाली काळा कातळ, त्यावर वाटाण्याएवढी मुरमाची खडी सुटी पडलेली. टणक टायर त्या खडीवर तरंगतो, मऊ टायर खडीच्या आजूबाजूने दबून खाली कातळाला धरतो. तुमचं वजन 72 किलो लिहिलंय, ट्यूब आहे, टायर 2.25 इंच रुंद, तर पुढे 26 आणि मागे 29 ने सुरुवात करा. त्याच्या फार खाली गेलात तर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. तशी पडली की दोन पीएसआय वाढवा. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. या एका गोष्टीने तुमच्या तीनपैकी एक जागा सुटेल असं माझं मत आहे, आणि खर्च फक्त गेजचा.

नंतर कधीतरी टायर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, करा, पण ते ग्रिपपेक्षा काट्यांसाठी. बाभळीचा काटा आणि सराटा या दोघांनी टेकडीवरच्या जितक्या राइड संपवल्यात तितक्या पडण्याने संपल्या नसतील. एका टायरला 80 ते 100 मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं हे लक्षात ठेवा, लोक एकदा भरतात आणि वर्षभराने म्हणतात ट्यूबलेस बेकार आहे.

दुसरं सीट. चढताना जी उंची बरोबर तीच उतरताना जीवावर बेतते. सीट वर असली की सायकल तुमच्या खाली हलूच शकत नाही, मागचं चाक दगडावरून उचललं गेलं की सीट तुम्हाला ढुंगणावर ढकलते आणि तुम्ही हँडलवरून पुढे. तुमचं ते दुसरं पडणं, "सायकलने मला फेकलं" असं जे लिहिलंय, ते माझ्या मते हेच. उतरायच्या आधी सीट सहा-सात सेंटिमीटर खाली घ्या, चढायच्या उंचीवर सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, टेपची खूण करून ठेवा म्हणजे परत वर घेताना अंदाज नको. खरंच पैसे खर्च करायचेच असतील तर ड्रॉपर पोस्ट घ्या, हँडलवरच्या बटणाने सीट खालीवर होते, फुल सस्पेन्शनच्या मानाने किरकोळ खर्च. फक्त घ्यायच्या आधी तुमच्या पोस्टवर कोरलेला व्यास बघा, 27.2, 30.9 की 31.6 मिमी, एकाचा दुसऱ्यात बसत नाही, दुकानात "बसेल हो" म्हणतात ते ऐकू नका.

तिसरं, हसू नका, पण फोर्कचा लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू न देणारी कळ, उघडा आहे का बघा. दर रविवारी एक तरी माणूस सापडतो जो रस्त्याने येताना फोर्क लॉक करतो आणि तसाच उतरतो, आणि खाली येऊन सांगतो की सस्पेन्शन काही कामाचं नाही. मी स्वतः एक अख्खा हिवाळा असा काढलाय.

ब्रेक. केबलचे चालतात, पण लीव्हर कुठे आहे ते बघा. उभं राहिल्यावर मनगट सरळ राहून एक बोट लीव्हरच्या टोकाला पडलं पाहिजे, बाकी तीन बोटं हँडलवर. बहुतेक सायकलींवर लीव्हर ग्रिपला इतका चिकटून असतो की बोट मध्यभागी पडतं, मग दोन-तीन बोटांनी आवळावं लागतं आणि हँडलवरची पकड गेली. लीव्हर आत सरकवा, पाच मिनिटांचं काम, एक ॲलन की. आणि चेनला मारायचा स्प्रे डिस्कच्या आसपास कधीही मारायचा नाही, पॅडला तेल लागलं की ब्रेक फक्त ओरडतो, धरत नाही.

एवढं सगळं केलं की सायकल तयार. आता तुमच्या तीन जागा.

पहिली, वळणाआधीचा सुट्या खडीचा उतार जिथे "पुढचं चाक निसटतं". माझा प्रश्न, निसटतं तेव्हा तुम्ही ब्रेक दाबलेला असतो का? असतो. सगळ्यांचा असतो. चाक एका वेळी जेवढी पकड देऊ शकतं तेवढीच देतं, ती तुम्ही थांबण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही. वळणाच्या आधी, सरळ असताना, वेग पाडून घ्या, आणि वळणात शिरल्यावर ब्रेक सोडा. सोडायला भीती वाटते, मान्य आहे, म्हणून आधी एवढे हळू व्हा की सोडलं तरी काही वाटणार नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्या पायावर, आणि सायकल आत झुकवा, तुम्ही नका झुकू. नजर वळणाच्या शेवटाकडे, त्या निवडुंगाकडे नको. ज्याकडे बघाल त्यावर जाल, माझ्या डाव्या पोटरीला विचारा.

दुसरी, घळीतला चढ. इथे तुम्ही सगळ्यात हलका गिअर टाकून जोरात पाय मारता आणि मागचं चाक जागेवर फिरतं, बरोबर? एक-दोन गिअर जड ठेवा. सीटच्या टोकावर बसा, उभे राहू नका, उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते खडी उडवायला लागतं. छाती खाली, कोपरं खाली बरगडीकडे, नाहीतर पुढचं चाक उचलतं. पाय गोल फिरवा, आपटू नका. आणि घळीच्या तळातून जाऊ नका, पाणी तिथूनच वाहिलंय त्यामुळे सगळी सुटी खडी तिथेच साचलीये, कडेचा जरा उंच वाटणारा कातळ दिसतो ना, तो अरुंद आहे पण तोच धरतो. याबद्दल जास्त लिहीत नाही, चढ हा शेवटी फुफ्फुसांचा विषय आहे.

तिसरी, पायऱ्या. इथेच दोनदा पडलात आणि इथेच खरं शिकायचंय म्हणून नीट सांगतो.

वीतभर उंचीची दगडाची पायरी, मग दोन सायकली मावतील एवढी सपाटी, मग परत पायरी, मग डावीकडे वळण. सायकलवरून बघितलं की ही भिंत वाटते. नवीन माणूस काय करतो, घाबरून अगदी हळू होतो, पायरीच्या कडेला येईपर्यंत चालण्यापेक्षा कमी वेग, पुढचं चाक खाली उतरतं, त्याच क्षणी भीतीने पुढचा ब्रेक आवळला जातो, चाक पायरीच्या पायथ्याशी अडकून थांबतं, आणि माणसाचं शरीर काही थांबत नाही. तुमची पहिली पडझड डोळ्यासमोर उभी राहते मला, कारण 2016 साली मी त्याच प्रकारच्या दगडावर अशीच पडझड करून उजवं कॉलरबोन तोडून घेतलंय, पडताना हात पुढे टाकला म्हणून. सहा आठवडे हात गळ्यात, आणि दोष दगडाचा नाही, सायकलचा नाही, एका बोटाचा.

29 च्या चाकाची त्रिज्या साधारण 37 सेंटिमीटर, पायरी वीतभर म्हणजे वीस-बावीस. चाकाला ती फार मोठी नाहीच, फिरतं राहिलं तर चाक तिच्यावरून आपोआप उतरतं. अडवणारे आपणच. तर करायचं काय, पेडल दोन्ही सपाट, घड्याळाच्या तीन आणि नऊवर, टाचा खाली, गुडघे आणि कोपरं वाकवून उघडी, पार्श्वभाग सीटवरून उचललेला पण मागच्या चाकावर लोंबकळलेला नाही. ही लोंबकळण्याची सवय लोकांना कोणी लावली देव जाणे, फार मागे गेलात की हात ताठ होतात आणि पुढच्या चाकावर वजनच राहत नाही, मग ते वळणार कसं. वजन पायांवर. हात फक्त सायकलला दिशा द्यायला. पायरीच्या आधी वेग पाडा, चालण्याच्या वेगापेक्षा जरा जास्त ठेवा, आणि पुढचं चाक कडेवर आलं की पुढचा ब्रेक पूर्ण सोडून हँडल पुढे ढकला, चाकाला जमिनीपर्यंत पोचवून द्यायचं असं समजा. कोपरं सरळ होतील. मागचं चाक उतरताना गुडघे तो धक्का पिऊन टाकतात. मागचा ब्रेक हलका लागलेला चालेल. मग सपाटीवर पुन्हा कोपरं वाकवून तयार, दुसरी पायरी, आणि दुसरीवरून उतरताना नजर आधीच डावीकडच्या वळणात गेलेली हवी.

वाचून हे जमत नाही हे मला माहितीये. म्हणून सोसायटीच्या फुटपाथच्या कडेवरून सुरू करा. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, कडेवरून खाली, आधी एक, मग पार्किंगच्या दोन पायऱ्या. वॉचमन दोन दिवस हसेल, तिसऱ्या दिवशी तोच सल्ले देईल. जागेवर न हलता तोल धरायचा सरावही तिथेच करा, पाय न टेकता पाच सेकंद, मग दहा. पायरीच्या आधी घाई न करता थांबल्यासारखं उभं राहता येणं हेच अर्धं काम आहे.

मग टेकडी. पण पहिल्या दिवशी सायकल न घेता जा. चालत, आणि खालून वर. खालून वर चालताना पाणी कुठून आलंय, कुठला दगड हलतो, कुठला पक्का आहे ते दिसतं, वरून सायकलवर फक्त भीती दिसते. हलणाऱ्या दगडाला पायाने हलवून बघा. पायऱ्यांच्या आधी दहा मीटर एक खूण ठरवा, झाड, दगड काहीही, तिथे सीट खाली आणि ब्रेकचं काम संपलेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन जा आणि अख्खी ट्रेल मारूच नका. फक्त ते चाळीस मीटर. उतरा, सायकल ढकलत वर या, परत उतरा. पाच-सहा वेळा, बास. लागोपाठ तीनदा पाय न टेकता झालं की त्या दिवशी घरी. "अजून एकदा शेवटची" ही जी असते ना तिच्यातच लोक पडतात, पाय थकलेले असतात आणि डोकं खूश असतं. फोनवरचा घड्याळ लावणारा ॲप तेवढे दिवस बंद ठेवा, वेळ बघायला लागलात की वळणाकडे बघणार नाही.

गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह घ्या, हेल्मेट आहे म्हणालात ते दोनदा आपटलंय का? आपटलं असेल तर बदला, आतला थर्मोकोल एकदा दबला की दबला. एकटे जात असाल तर घरी सांगून जा, कुठल्या बाजूने उतरणार ते पण.

सीझनचं एक. पावसात, म्हणजे जून ते सप्टेंबर, माती ओली असताना जाऊ नका, आपल्याला मजा येते पण चाकोरी पडते, पुढचा पाऊस त्या चाकोरीतून वाहतो आणि दिवाळीपर्यंत तिथे पायभर खोल चर झालेला असतो. शिवाय कातळावरचं शेवाळ, त्यावर कोणताही टायर चालत नाही, कोणी काहीही विकू दे. ऑक्टोबर-नोव्हेंबर राजा सीझन, जमीन घट्ट, थोडी ओल धरलेली, फक्त मोज्यात कुसळं घुसतात ती घरी बसून उपटायची. जानेवारी-फेब्रुवारीत गिरिपुष्पाची पानं गळून वाटेवर गालिचा होतो, गुलाबी फुलांखाली चालवायला स्वर्ग, पण त्या पानांखाली दगड कुठे आहे ते दिसत नाही, तेव्हा तुमच्या ओळखीची ट्रेल पण अनोळखी समजून मारा. एप्रिल-मेमध्ये वरची खडी इतकी सुटते की गोट्यांवर चालवल्यासारखं, हवा अजून एक-दोन पीएसआय कमी.

आणि टेकडी आपल्या एकट्याची नाही. सकाळी सहा ते साडेआठ तिथे अर्धं कोथरूड, पाषाण, गोखलेनगर फिरायला येतं, आजी-आजोबा, कुत्री, पळणारे. त्या वेळात उतार मारायचा नाही, उशिरा जा किंवा आडवारी जा. कोणी वर चढत असेल, चालत किंवा सायकलवर, त्याला आधी वाट. घंटी लावा, "काका, मागून येतोय, सावकाश" एवढं म्हटलं तरी चेहरे बदलतात. गेटवर वनखात्याचा बोर्ड असतो तो वाचा, ज्या वाटेवर सायकल नको म्हटलंय तिथे नको. पायरी अवघड वाटते म्हणून शेजारून नवीन वाट पाडायची नाही, दगड रचून रॅम्प करायचे नाहीत. टेकडीवर आधीच रस्ते आणि बोगद्यांचे वाद कमी नाहीत, त्यात सायकलवाल्यांनी वाट लावली असं कोणी म्हणायला नको. तुम्ही कुठली बाजू मारता हे मला वर्णनावरून कळलंय, पण मुद्दाम लिहीत नाहीये, चाळीस जण एका रविवारी तिथे आले तर ती घळ संपली.

फुल सस्पेन्शनचं राहिलं. ती चांगली सायकल असते, माझ्याकडे आहे एक. पण ती चुकीची लाईन, म्हणजे दगडांमधून निवडलेली चुकीची वाट, माफ करते, हार्डटेल लगेच कानाखाली मारते, आणि शिकायच्या काळात कानाखाली मारणारा मास्तर बरा. शिवाय तिचे बेअरिंग, मागचा शॉक, त्याची सर्व्हिस, पावसाच्या चिखलानंतरची कुरकुर, हा वेगळा संसार आहे. त्या तीन जागा हार्डटेलवर दहातून आठ वेळा जमायला लागल्या आणि तरी मनगटं, कंबर दुखतेय म्हणून मजा जातेय असं झालं, तर तेव्हा बघा.

दोन महिने द्या. आधी हवा, सीट, लीव्हर, मग फुटपाथ, मग ते चाळीस मीटर. दुसऱ्या पायरीनंतरच्या त्या डाव्या वळणावर अडलात तर तेवढ्याच भागाचा खालून काढलेला व्हिडिओ पाठवा, वरून काढलेल्यात काही कळत नाही. आणि फार मनाला लावून घेऊ नका, त्या वळणावर मी पण अजून दहातून दोनदा पाय टेकतो.